विहिरीतला निवाडा

तुषार पुण्याला नोकरीला गेला आणि जाताना रविवारचा खेळ बहिणीच्या, अनुजाच्या, गळ्यात मारून गेला. खेळ तसा सोपा. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं होऊन आपण काय करतो ते बोलायचं, आणि जमेल की नाही अशी शंका आली की वीस बाजूंचा फासा टाकायचा. खेळाच्या पुस्तकात नियम सापडला नाही तर गोष्ट सांगणाऱ्यानं जागच्या जागी निवाडा द्यायचा. "अडलीस तर थांबू नकोस," तुषार म्हणाला होता. "काहीतरी ठोकून दे आणि पुढे जा." पुण्यात बसून सांगायला त्याचं काय जात होतं!

अनुजाला निवाड्याची धास्तीच होती. बँकेत एकेका कागदावरचा शिक्का दोनदा तपासणारी बाई ती. आणि समोर बसायचे योगेश नि काशिनाथ, दोघंही सचिन गावातल्या एका डाइंग मिलमध्ये देखभालीच्या कामाला, दोघंही आधी उडी मारून मग खाली बघणारे. खेळ योगेशच्या घरी चाले. त्याची बायको कमल खेळत नसे, पण नजर सगळीकडे ठेवून असे.

त्या रविवारी काशिनाथचा तिरंदाज विषारी हवेच्या विहिरीत बेशुद्ध पडला. योगेशनं क्षणाचाही विचार केला नाही.

"मी उतरतो. तोंडाला ओला रुमाल बांधतो, त्याला खांद्यावर घालतो नि वर आणतो. चालेल ना, ताई?"

ओल्या रुमालाचा नियम पुस्तकात कुठून असणार? अनुजानं पानं उलटून पाहिली.

"बारा किंवा वर पडले तर," ती म्हणाली.

फासा घरंगळत गेला आणि थांबला. चार.

आता 'मेलात' म्हणायचं, एवढंच काम होतं. पण तिनं तोंड उघडायच्या आत कमल पुढे झाली.

"ताई, भरल्या घरात माझ्या नवऱ्याला मेला म्हणू नका हं. वास्तू तथास्तु म्हणत असते."

घर कमलचं, चहा कमलचा, आणि खरं सांगायचं तर लहानपणापासून अनुजालाही तीच भीती. अभद्र बोलली म्हणून आईनं कितीदा तोंडावर हात ठेवला होता.

"बरं बरं," ती म्हणाली. "रुमाल ओला होता ना, त्यावर भागलं. दोघंही सुखरूप वर आलात."

काशिनाथनं टाळी दिली. कमलनं चहात साखर जास्त घातली. अनुजाला वाटलं, सुटले.

सोमवारी अकराच्या सुमारास बँकेत तिच्या फोनवर फोटो आला. योगेश आणि काशिनाथ, दोघांच्या नाकातोंडावर ओले रुमाल, मागे सिमेंटच्या टाकीचं उघडं झाकण. खाली योगेशनं लिहिलं होतं, "ताई, आज खरी विहीर! सांडपाण्याची टाकी साफ करायची. बारा वाजता उतरतो. रुमाल ओला केलाय."

अशा टाक्यांच्या बातम्या अनुजानं वाचल्या होत्या. एक उतरतो, पडतो. दुसरा त्याला काढायला उतरतो, तोही पडतो. रुमाल काय, अख्खी गोधडी ओली करून गुंडाळली तरी त्या हवेला फरक पडत नाही. योगेशची ही समजूत जुनीच असेल, पण काल त्यावर शिक्का मारला होता तिनं. एरवी दोनदा तपासणारीनं, एकदाही न बघता.

फोन वाजत राही, कुणी उचलेना. साहेबांना पोटाचं कारण सांगून ती उधन्याच्या शाखेतून निघून रिक्षात बसली. रिक्षावाल्याला तीनदा म्हणाली, जल्दी भैया.

मिलच्या गेटवर पोचली तेव्हा बाराला चार मिनिटं होती. छगन नावाचा म्हातारा वॉचमन खुर्चीतून उठलाही नाही. त्याच्या टेबलावर टाकीत उतरण्याआधी कामगारांनी मोबाइल ठेवायची पेटी होती, आणि पेटीत योगेशचा फोन तिच्याच कॉलनं थरथरत होता.

"बेन, अंदर नहीं जाने का."

"मग निरोप द्या! टाकीवर फोन आहे ना? योगेशला सांगा, तू मेलास. काल चार पडले होते, तू मेलास!"

छगननं कानाला हात लावले. "अरे राम! आवुं न बोलाय, बेन. कामावर गेलेल्या माणसाला असं बोलायचं?"

सगळ्यांना बोलण्याचीच भीती. उतरायची कुणालाच नाही! अनुजाचं डोकं फिरलं. तिनं टेबलावरचा इंटरकॉम ओढला. "नंबर सांगा," ती ओरडली, आणि का कोण जाणे, छगननं सांगितला.

बऱ्याच वेळानं कुणीतरी उचललं. यंत्रांच्या घरघरीत योगेशचा आवाज आला.

"योगेशभाऊ, मी अनुजा. माझा कालचा निवाडा खोटा होता. रुमालानं काही होत नाही. तुम्ही विहिरीत मेलात. दोघंही मेलात. ऐकताय ना?"

योगेश हळूच म्हणाला, "ताई, काशिनाथ शिडीवर आहे."

रिसीव्हर कशावर तरी आपटला आणि लोंबकळत राहिला. दोन जित्या माणसांना अनुजा मेलात म्हणाली होती, मोठ्यानं, भर गेटवर. आणि कुणी तथास्तु म्हणून गेलं असेल तर? रिसीव्हर कानाशी इतका दाबला होता की कान दुखायला लागला.

लांबून योगेशची हाक आली. घाबरला की तो घरच्या अहिराणीवर यायचा.

"काशिनाथ! वर ये! तू मरी गया, भाऊ, मरी गया!"

पुन्हा हाक आली, या वेळी आवाज फाटला. छगन खुर्चीतून उठून तिच्या खांद्याशी आला होता. त्यानंही कान पुढे केला.

मग लोखंडावर चपला वाजल्या आणि काशिनाथच्या शिव्या ऐकू आल्या. मेला म्हणतोस काय, तुझ्या तर... एकामागून एक, आईबापापर्यंत. अनुजा छगनच्या खुर्चीत बसली आणि त्यातली प्रत्येक शिवी तिनं ऐकून घेतली.