चष्म्याच्या घरातली कुपी

मित्रांनो, मी एक जुने चष्म्याचे घर आहे. पत्र्याचे, आतून निळ्या मखमलीचे. चष्मा मात्र माझ्यात बारा वर्षांपासून नाही.

मी मूळचे विनताच्या आजोबांचे. ते कारखान्यात सुटे भाग मोजून तपासत. दर रविवारी ते माझ्या बिजागरीत शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब सोडत आणि म्हणत, "झाकण कसं टक् करून लागते, ऐका!" तेवढी स्तुती मला आठवडाभर पुरायची. आजोबा गेले, मी कपाटात पडले आणि बिजागरी गंजली.

विनता सात वर्षांची असताना चिक्कीच्या एका तुकड्याने तिचा गळा आतून सुजला. शेंगदाणा तिच्या शरीराला चालतच नव्हता. मग तिच्या आईने मला बाहेर काढले. माझ्यात डॉक्टरांनी लिहून दिलेल्या औषधाची काचेची कुपी आणि दोन सिरिंज ठेवल्या. औषध किती घ्यायचे ते कळावे म्हणून सिरिंजवर नेलपॉलिशने लाल रेघ ओढली. झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवली. विनता वाढली तशी रेघ पुढे सरकली. कुपीही मुदत संपण्याआधी बदलली जाई. बिजागरीला तेल घालायचे मात्र राहूनच गेले. तेव्हापासून मी भीत जगते. ज्या दिवशी मी उघडेन, त्या दिवशी विनताचा श्वास अडकलेला असेल, हे मला ठाऊक होते.

शाळेत मुली तिच्या नाकासमोर दाणे नाचवत. "खाऊन दाखव न!" म्हणून हसत. त्यामुळे कॉलेजात तिने कोणालाच काही सांगितले नाही. मीरालाही नाही.

मीरा तिची नवी मैत्रीण. एका दुपारी ती म्हणाली, "विजय नगरला मेक्सिकन हॉटेल उघडलंय. चल न! तू नेहमी डबाच काहून खात राहते?"

विनता हो म्हणाली. निघताना तिने मला पिशवीच्या वरच्या कप्प्यातून काढले आणि वह्यांखाली तळाशी दडपले. तिथल्या अंधारात मला धडकी भरली.

हॉटेलात तिने हळूच विचारले, "भैया, इसमें मूंगफली तो नहीं है?"

"अरे दीदी, मेक्सिकन है! इसमें मूंगफली का क्या काम?" वेटर हसला. स्वयंपाकघरात मात्र त्याने विचारले नाही.

राजम्याचा लाल रस्सा आणि मक्याच्या पोळ्या आल्या. दोन घास झाले. मग खोकला आला. मीरा हसली, "तिखट लागलं काय? पाणी पी." खोकला थांबेना. प्रत्येक श्वासाबरोबर शिट्टी वाजू लागली.

"पिशवीत... चष्म्याचं घर..." विनताचा आवाज घोगरा झाला होता.

मीराने मला शोधून काढले, टेबलावर ठेवले आणि पुन्हा पाण्याचा पेला तिच्या तोंडाशी धरला. "चष्मा राहू दे गं आत्ता! आधी पाणी पी!"

मित्रांनो, मला ओरडता येत नाही. कुपी माझ्यात होती, विनता हातभर अंतरावर होती, आणि मी नुसते चष्म्याचे घर दिसत होते.

विनताचे ओठ सुजलेले पाहून मीरा किंचाळली, तशा स्वयंपाकघरातून बेबीताई धावत आल्या. वर्ध्याकडच्या त्या बाई तिथे स्वयंपाक करत. "अवो, काय झालं पोरीला?"

विनताने ताटाकडे बोट दाखवले. "दाणे?"

"दाणे नाही टाकले वो. रस्सा पातळ होता, म्हणून मूठभर कूट लावला. आपल्याकडे लावतेच न." बोलता बोलताच त्यांचा चेहरा उतरला.

विनताने मला मीराच्या हातात कोंबले. मीराने झाकण ओढले. बिजागरी अडली. त्या गंजाची मला आजही लाज वाटते. तिने नख घालून पुन्हा ओढले, नख मोडले, आणि मी उघडले.

मीराने चिठ्ठी मोठ्याने वाचली. कुपीची मान रुमालात धरून मोडा. लाल रेघेपर्यंत औषध ओढा. मांडीच्या बाहेरच्या बाजूला सरळ टोचा. उठू देऊ नका. लगेच १०८ ला फोन.

"माझ्याने नाही होणार, ताई," मीरा बेबीताईंना म्हणाली.

"होते! मी पाय धरते, तू टोच. भैया, फोन लगाओ जल्दी!"

काच मोडल्याचा बारीक आवाज झाला. मीराने औषध ओढले आणि बरोबर लाल रेघेवर थांबवले. तिने सुई टोचली. मग ती श्वास मोजत बसली. काही मिनिटांनी शिट्टी हळूहळू बारीक झाली. गाडी आली तेव्हा मीरा रडत होती आणि रागावलीही होती. "सांगितलं काहून नाही? मी तुला पाणी पाजून राहिली होती!"

विनता रात्रभर दवाखान्यात राहिली आणि बरी होऊन घरी आली. आईने माझ्यात नवी कुपी ठेवली. बिजागरीला तेल मीराने घातले.

महिन्याने दोघी पुन्हा तिथेच गेल्या. या वेळी विनता आधी स्वयंपाकघराच्या दाराशी गेली आणि मला उघडून बेबीताईंना सगळे समजावले. बेबीताईंनी कुटाचा डबा उचलून पार बाहेर ठेवला, पातेले पुन्हा घासले आणि नवा रस्सा टाकला.

मित्रांनो, जीव वाचवणारे औषध जपता तशी त्याची माहितीही शेजारच्याला द्या. ते पिशवीच्या तळाशी दडवू नका. आणि एखाद्याने विचारले, यात अमुक आहे का, तर अंदाजाने उत्तर देऊ नका. आत जाऊन बघा.

ताट आले की मी अजूनही घाबरते. पण आता मी पाण्याच्या पेल्याशेजारी असते, आणि पहिला घास घेण्याआधी मीरा एकदा माझे झाकण उघडून बघते. टक्.