पहिली फेरी

त्या गॅरेजात सासऱ्यांनी एक नियम घालून दिला होता. ज्याने चाक काढलं त्यानेच ते परत बसवायचं, आणि गाडीची पहिली फेरीसुद्धा त्यानेच मारायची. फाटकातून उतारावर, खाली दोन वळणं, जोरजोरात ब्रेक दाबत, आणि परत वर. सासरे म्हणायचे, "आपण आवळलेल्या बोल्टवर आपलाच जीव टांगला की हात आपोआप नीट चालतात." सासरे गेले, नियम राहिला. दुसरं त्यांनी फारसं काही मागे ठेवलंही नव्हतं.

थोरल्या मुलाकडे इंजिनं होती. धाकट्याकडे वायरिंग, रंगकाम आणि गप्पा. चाकं आणि ब्रेक थोरल्याच्या बायकोकडे. तिला सगळे वहिनी म्हणत, गिऱ्हाइकंसुद्धा. नवरासुद्धा एकदोनदा घाईत म्हणून गेला होता आणि मग आठवडाभर त्याला तोंड लपवावं लागलं होतं.

चाकं तिच्याकडे यायचं कारण तिचा धीर. स्पोर्ट्स गाडीचं चाक म्हणजे नाकापेक्षा मोती जड. रुंद, वजनदार, आणि आत अगदी खेटून ब्रेकची डिस्क. ही डिस्क लोखंडी नसते, सिरॅमिकची असते. लालबुंद तापली तरी हूं की चूं करत नाही, पण कडेला टोला बसला की चहाच्या कपासारखा टवका उडतो. टवका दिसतो तरी. आत तडा गेला तर तो दिसतही नाही. गाडी वेगात असताना, ब्रेक तापल्यावर, तो आपणहून उघडतो, डिस्कचे तुकडे होतात आणि ब्रेक लागत नाही. शेवटचा बोल्ट सुटला की चाक बोटभर खाली बसतं आणि नेमकं त्या डिस्कवर आदळतं. म्हणून वहिनी आधी दोन बोल्ट काढून त्यांच्या जागी दोन लांब पिना पिळायची, मग बाकीचे बोल्ट सोडायची, आणि पडदा दांडीवरून सरकवावा तसं चाक सरळ बाहेर ओढायची. डिस्कला वारासुद्धा लागत नसे. त्या पिना ती फडक्यात गुंडाळून ठेवायची आणि वर स्वतःची एक गाठ मारायची. ती गाठ दोघा भावांना कधी सुटली नाही. ते सरळ फडकं कापायचे आणि शिव्या खायचे.

त्या दिवशी ती दाढ काढायला गेली होती. भर दुपारी सुजल्या गालाने, तोंडात कापूस धरून परत आली, तर कालपासून उभी असलेली पिवळी गाडी जॅकवरून खाली उतरलेली. तिचे ब्रेक पॅड बदलायचे होते, आणि ते काम वहिनीचं होतं.

"वहिनी, तुझं काम उरकलं बघ," धाकटा म्हणाला. "पॅड नवे टाकले. तू आज आराम कर."

"पिना लावल्या होत्यास ना?" कापसामुळे तिचे शब्द जाडजूड येत होते.

"म्हणजे काय! लावल्या की."

तो हसला. तीही हसली असती, पण गाल हलत नव्हता. नजर मात्र चालू होती. गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाभोवतीची फरशी लख्ख झाडलेली होती. या माणसाने जन्मात कधी झाडू हातात धरला नव्हता. जेवलेलं ताट उचलताना ज्याची कंबर धरते, तो आज फरशी झाडतो? तिने कपाटाचा खण उघडला. फडकं जागेवर होतं, आणि त्यावर तिची गाठ, तिने मारली होती तशीच.

तिने बॅटरी घेतली आणि चाकाच्या आऱ्यांमधून आत पाहिलं. डिस्कची पुढची बाजू काळी, स्वच्छ. मागची बाजू चाक काढल्याशिवाय दिसणार नव्हती.

एवढ्यात थोरला हात पुसत आला. धाकट्याने खिशातून किल्ली काढली आणि त्याच्यापुढे धरली.

"दादा, आजची फेरी तू मार."

थोरला बघतच राहिला. असल्या गाडीची पहिली फेरी म्हणजे धाकट्याचा जीव की प्राण. नुसते आरसे पुसले असले तरी तो त्या फेरीवर हक्क सांगायचा. "मी? आणि नियम?"

"नियम काय, घरातल्याच माणसाने मारायची ना? तू कधी बसतोस असल्या गाडीत? मजा कर."

थोरल्याचा चेहरा लहान पोरासारखा फुलला. भोळा सांब! इंजिनातली खडखड गल्लीच्या टोकावरून ओळखणारा हा माणूस, पण सख्ख्या भावाच्या आवाजातली त्याला कधीच ऐकू आली नाही. त्याने किल्ली घेतली. वहिनीने त्याचं मनगट धरलं.

"चाक परत काढायचं," ती म्हणाली. "डावं पुढचं."

"का?"

"पिना लावलेल्या नाहीत. गाठ सुटलेली नाही माझी."

धाकट्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "माझ्या स्वतःच्या पिना आहेत. सगळं जग तुझ्याच फडक्यात बांधलंय का?"

"दाखव."

"दादा, ऐकतोयस ना? मी खोटा आता. तुझ्यासमोर, माझ्या बापाच्या गॅरेजात!"

थोरला दोघांच्या मध्ये उभा होता. गेल्याच महिन्यात त्याने धाकट्याला एका चुकीवरून चारचौघांत झापलं होतं, आणि ते त्याला अजून खात होतं. "अगं, तो सांगतोय ना," तो बायकोला म्हणाला. "चाक काढायचं म्हणजे त्याला तोंडावर खोटारडा म्हणण्यासारखं आहे."

"मग म्हण की."

"तू ना, दाढेबरोबर अक्कलही काढून आलीस," थोरला हसून म्हणाला. त्याला वाटलं, विनोदाने भागेल.

वहिनी मागे वळली आणि कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्याशी गेली. वरची चिंध्यांची रास बाजूला केली. खाली केर होता, आणि केरात नखाएवढा एक काळा तुकडा. एक बाजू गुळगुळीत, दुसरी ताज्या तुटल्यासारखी खरखरीत. तिने तो मुठीत घेतला. एवढा टवका उडाला तर आत काय झालं असेल, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. आणि हे माहीत असून याने भावाच्या हातात किल्ली ठेवली! काही होणार नाही, अशी त्याने स्वतःची समजूत घातली असेल. बिनधास्त मोडायचं आणि भीत भीत झाकायचं, हा त्याचा लहानपणापासूनचा स्वभाव. पण फेरी मात्र त्याने स्वतः मारली नसती.

ती मूठ घेऊन परत आली तेव्हा धाकट्याने थोरल्याच्या हातातून किल्ली हिसकावून घेतली होती.

"मीच जातो," तो ओरडला. "झालं समाधान? आल्या दिवसापासून तुला आमच्यात फूटच पाडायची होती. आई काही बोलत नाही, म्हणून मीही आजवर बोललो नव्हतो."

तोंडातला कापूस तिने काढून टाकला. आता ती नीट बोलू शकत होती. मूठ उघडायची आणि तळहात थोरल्यापुढे धरायचा, एवढंच काम होतं. पण ते शब्द तिच्या मनाला झोंबले होते. इतकी वर्षं याची ताटं उचलली, याच्या चुका मुकाट्याने निस्तरल्या, आणि हे बक्षीस! बसू दे, तिला वाटलं. बसेल, किल्ली फिरवेल, आणि गाळण उडाली की उतरेल. स्वतःच्या तोंडाने कबूल करू दे.

धाकटा गाडीत बसला. इंजिन गुरगुरलं. त्याने काच खाली केली आणि वहिनीकडे पाहिलं. रागाने नाही. मघाशी दादाने जसा मध्ये पडून विषय मिटवायचा प्रयत्न केला होता, तसा आता कोणीतरी मिटवावं म्हणून तो पाहत होता. एकदा 'थांब' म्हण, असं ते पाहणं होतं. तिला ते कळलं. ज्याला ताट उचलायला सांगावं लागतं त्याला प्रत्येक गोष्ट सांगावीच लागते, हेही तिला माहीत होतं. ती मूठ मिटून उभी राहिली. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि ती त्याच्या.

गाडी हळू फाटकापर्यंत गेली. तिथे ती थांबली. थोरल्याने हात हलवून "जा, जा, बिनधास्त जा" केलं. त्या बिचाऱ्याला वाटलं, भांडण मिटलं.

गाडी उताराला लागली.

भांडणाचा आवाज ऐकून सासूबाई एव्हाना वरच्या घरातून जिना उतरून खाली आल्या होत्या. त्यांचे डोळे अधू झाले होते, माणसं सावल्यांसारखी दिसायची. कठडा धरत, भिंत चाचपत त्या वहिनीपर्यंत आल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. खालून पहिल्या वळणावरच्या ब्रेकचा आवाज आला. गाडी वळली. इंजिन पुन्हा चढलं, मघापेक्षा जोरात. नियमाप्रमाणे तो आता वेग धरत होता, दुसऱ्या वळणावर पूर्ण ताकदीने ब्रेक दाबायला.

"कोण गेलं गं?" सासूबाईंनी विचारलं. "कोणता?"

"धाकटा," वहिनी म्हणाली.

तो शब्द तिच्या तोंडून एका श्वासासारखा सुटला. हलका, मोकळा. तिचा स्वतःचा त्यावर विश्वास बसेना. थोरला दोन हातांच्या अंतरावर उभा होता, धडधाकट, उताराकडे कौतुकाने बघत, आणि तिचं सगळं अंग त्यावरच खूश होतं.

सासूबाईंना डोळ्यांनी दिसत नव्हतं, पण कान तिखट होते. खांद्यावरचा हात त्यांनी काढून घेतला.

"मला दोन आहेत गं," त्या म्हणाल्या.

तेव्हा कुठे वहिनी धावली. फाटकातून रस्त्यावर, सुजला गाल धरून, "थांब! अरे, थांब!" असं ओरडत. थोरला गोंधळून तिच्यामागे पळाला. खाली दुसऱ्या वळणावर ब्रेकचा आवाज सुरू झाला आणि मध्येच तुटला.