लांबचा डाग

दर्जा कमी, वेग जास्त.

अजिंक्यनं माउसनं दर्जाची पट्टी खाली ओढली आणि स्क्रीनवरच्या बांधावर उभे असलेले अप्पा विरघळले. घोंगडी, काठी, पागोटं, सगळ्याचा मिळून एक करडा डाग.

"आण परत," सोनम म्हणाली.

"अगं, पळतंय बघ कसं सुसाट!"

"माझे अप्पा पुसलेस, आणि पळतंय म्हणतोस?"

अजिंक्यचं नव्या पेठेत कॉम्प्युटरचं दुकान. सोनमचं जुनं ग्राफिक्स कार्ड तिथलंच. गावाकडचा, वळसंगचा माळ तिनं बटण दाबून चालता येईल असा त्यावर जिवापाड मेहनतीनं उभा केला होता. तिचे वडील, अप्पा गेले, मेंढरं विकली, खऱ्या माळावर सोलरच्या काचा आल्या. आई, गोजाबाई, सोलापुरात आली आणि खिडकीशी बसून राहिली. तिला एकदा, एकदाच, अप्पा दिसायला हवे होते.

"कंपन्या हेच करतात," सोनम म्हणाली. "चित्र बिघडवायचं आणि वेगाची टिमकी वाजवायची. दोन चित्रांच्या मधली चित्रं तर कार्ड आपल्याच मनानं रचतं. खोटी."

"असू देत की खोटी. लांबचं कोण बघतंय? पूर्ण दर्जात चित्र झटके खातं, मावशींना घेरी येईल, मग बस."

दर्जा पूर्ण.

गोजाबाई खुर्चीच्या टोकावर बसल्या. सोनमनं त्यांचं बोट बटणावर ठेवलं. माळ सरकला, अडला, सरकला.

"लई हिसकं बसत्यात गं. वाट हाय का दगडाची खाण?"

"आई, बांधावर बघ. तिकडं लांब."

"न्हाय बाई. डोळं गरगरत्यात." त्यांनी डोळे मिटून घेतले.

मग सोनमनंच पट्टी खाली ओढली.

वेग पूर्ण.

बाभळी सरळ मागे जाऊ लागल्या. गोजाबाईंनी एक डोळा उघडला, मग दुसरा.

"ही आपलीच वाट की!"

चालता चालता त्यांनी बटणावरचं बोट उचललं. लांब बांधावर करडा डाग होता. सोनमनं सांगायला तोंड उघडलं.

"उनात असंच दिसायचं," गोजाबाई म्हणाल्या.

नवऱ्याचं नाव त्यांनी जन्मात घेतलं नव्हतं. भाकरी घेऊन गेल्या की बांधाखालून पदर हलवायच्या, तीच हाक. आता त्या खुर्चीतून उठल्या, कमरेला खोचलेलं पदराचं टोक सोडवलं आणि हलवलं.

डाग थरथरला. कार्डाचा मधल्या चित्राचा अंदाज चुकला होता, एवढंच. काठीच्या जागी काहीतरी वर गेलं, खाली आलं.

"बगितलं त्यांनी," गोजाबाई हळूच म्हणाल्या. "येत्याल आता."

अजिंक्यनं माउसकडे हात नेला. "ते थरथरतंय ना, ते मी—"

सोनमनं त्याचं मनगट धरलं. मग सोडलं, आणि आईच्या पाठीमागे उभं राहून आपलाही हात वर केला.