पवाराची लेक

जिवनबाईनं तांब्या वरून धरला आणि परक्या माणसानं ओंजळीनं पाणी पिता पिता अर्धं शर्टावर सांडून घेतलं. त्याची मोटरसायकल वारंगा फाट्याच्या अलीकडं पंक्चर झाली होती. उन्हात ढकलत ढकलत तो तांड्यापर्यंत आला होता आणि तोंड लालबुंद झालं होतं.

"कोन म्हनायचं?" तिनं विचारलं.

"पवार."

"पवार? अगं माय! मीबी पवाराचीच लेक. राठोडाच्या घरी दिली मला. मंग तू भाऊच लागतो की माझा!"

बंजाऱ्यांत एका आडनावाची माणसं भाऊबहीण, मग तोंडओळख असो नाहीतर नसो. पण हा पवार साताऱ्याकडचा मराठा, पुण्यात वाढलेला, मोबाईलच्या टॉवरसाठी जागा बघायला आलेला.

"पुसदकडल्या तांड्यातला का रे?"

"हो, हो."

हे 'हो हो' पुण्याचं. तिकडं अनोळखी माणूस दोन शब्द जास्त बोलला की काहीतरी विकायला आलाय असं धरतात आणि मान डोलावून त्याला वाटेला लावतात. म्हातारी काय विचारतेय याच्याशी पवारला काही देणंघेणं नव्हतं. त्याला सावली हवी होती आणि पंक्चरवाला. इकडं मात्र उलटंच. न बोलणारा माणूसच चोर! आणि त्या आठवड्यात घराघरातल्या मोबाईलवर एकच व्हिडिओ फिरत होता, पोरं पळवणारी टोळी आलीय म्हणून. कुठला, कधीचा, देव जाणे.

जिवनबाईनं चहा ठेवला. तिची नात रुपा पाव्हण्याच्या मांडीला टेकून त्याच्या फोनमधले फोटो बघत बसली.

तेवढ्यात जिवनबाईचा लेक देविदास सोयाबीनच्या मळणीवरून आला. आपली पोरगी परक्याजवळ बघून तो अंगणातच थबकला.

"अरे, मामा हाय तुझा," जिवनबाई हसत म्हणाली. "पुसदकडला पवार."

देविदासनं बंजाऱ्यांच्या गोरबोलीत विचारलं, तांडा कोणता, तिथला नायक कोण. पवारनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं.

"काय? मराठीत बोला ना."

"माझ्या मायला काय सांगितलं तू? पुसदच्या तांड्याचा म्हून?"

"मी नाही, त्याच म्हणाल्या. मी नुसतं हो म्हणालो."

"आमच्यातला म्हून घरात शिरला अन् आमची बोली येत न्हाई? पोरगी मांडीशी घेऊन बसला!"

पहिली काठी कानशिलावर बसली. पवार बाजेवरून खाली पडला. रुपा किंचाळली आणि तिच्या किंचाळण्यानं मळणीची माणसं धावली. बाळापूरच्या बाजाराला चाललेल्यांनी रस्त्यावर गाड्या उभ्या केल्या आणि काय झालंय हेही न विचारता हात धुऊन घेतले. एरवी येणाऱ्याजाणाऱ्याला हाताला धरून चहा पाजणारी हीच माणसं! एकानं त्याचंच हेल्मेट त्याच्या तोंडावर हाणलं. दोन दात मातीत पडले. "पवारच आहे मी, कार्ड बघा," म्हणत त्यानं हात वर केला, तर त्या हातावर पहार बसली आणि हाड मोडल्याचं सगळ्यांना ऐकू आलं. कोणी दोर मागितला. कोणी त्याच्याच गाडीतलं पेट्रोल काढा म्हणालं.

जिवनबाई गर्दीत घुसली.

"काहून मारता रे? भाऊ म्हणलं मी त्याला!" सगळ्यांना कळावं म्हणून ती मराठीतच ओरडली.

"खोटा भाऊ हाय तो! सरक तू!" देविदास म्हणाला.

"खोटा आसंल! पन भाऊ म्हणलं कोनी? मीच ना?"

ती पवारच्या अंगावर पडली. कोणाची तरी काठी तिच्या हातावर बसली आणि दंडापर्यंतच्या पांढऱ्या बांगड्यांचे तुकडे झाले. ती उठली, छपरात खोचलेला विळा तिनं ओढला आणि कोण पुढं आहे ते न बघता फिरवला. देविदासचा दंड उभा फाटला.

रक्त बघून माणसं मागं सरली. मग एकेक गाडी सुरू झाली आणि अंगण रिकामं झालं.

दवाखान्यात जमादारानं सगळ्यांना विचारून झालं. कोणी काही पाहिलं नव्हतं. गर्दी होती म्हणे. पवारचा जबडा बांधलेला, त्याला बोलता येत नव्हतं. दंडाला टाके घातलेला देविदास भिंतीला टेकून उभा होता.

"बाई, तुम्ही तर तिथंच होता. पहिली काठी कोणाची?"

"माय, मी पोरीसाठी केलं," देविदास हळूच म्हणाला. "मला काय ठाऊक?"

जिवनबाईचे डोळे भरून आले. तिनं ते पुसले नाहीत.

"पयली काठी ह्याची," ती म्हणाली.

"हा कोण तुमचा?"

"लेक. येकुलता."

जमादार लिहायचा थांबला. नीट विचार करून सांगा, मोठं कलम लागंल, असं तो दोनदा म्हणाला. तिनं त्याच्या कागदाकडं बोट केलं.

"बरं. आणि ज्याच्यासाठी लेकाला आत घालून राहिल्या, त्या पवारचं नाव काय?"

जिवनबाईनं खाटेकडं पाहिलं.

"ते इचारायचं राह्यलं."