एडगर मेपलथॉर्पचा एकुलता एक ठोसा

देशाच्या अर्थव्यवस्थेचं भवितव्य अखेर सामान्य माणसाच्या शांत आणि विचारी निर्णयावर अवलंबून असतं, असं मासळीचे व्यापारी टास्कर म्हणाले, आणि पहिली खुर्ची त्यांच्या डोक्यावरून गेली.

खुर्ची लागली ती मागच्या पडद्याला. पडद्यावर डॉ. वेन या अर्थशास्त्राच्या बाईंचा आलेख होता. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडलं तर व्यापार कुठवर घसरेल, हे दाखवणारी लाल रेघ. खुर्चीनं नेमका रेघेच्या टोकाशी पडदा फाडला आणि फाट पार खालपर्यंत गेली. म्हणजे बाईंच्या अंदाजापेक्षाही बरीच खाली.

खुर्ची लेन बोरिलची. लेन टास्करच्याच, म्हणजे बाहेर पडण्याच्या बाजूचा होता. नेम आलेखावर होता.

व्यासपीठाच्या कडेला, घंटेपाशी, एडगर मेपलथॉर्प बसला होता. सदतीस वर्षं तो ग्रिम्सबी बंदराच्या गोदीत मासे चिरत होता आणि तीस वर्षं या बॉक्सिंग क्लबात लढतींची वेळ सांभाळत होता. सार्वमताला बारा दिवस उरले होते, गावात दुसरा हॉल मोकळा नव्हता, म्हणून वादसभा इथे. बॉक्सिंगचा चौथरा हेच व्यासपीठ. वक्त्यांना तीन-तीन मिनिटं द्यायची ठरल्यावर एडगरला कुणी वेगळं विचारलंदेखील नाही. घंटा त्याची, घड्याळ त्याचं.

बॉक्सिंगचं एवढं वेड असून एडगरनं आयुष्यात कुणाला ठोसा मारला नव्हता. बापानं लहानपणीच बजावलं होतं, "आपण हातावर जगतो. हात मोडला तर खाशील काय?" तेव्हापासून तो शेजाऱ्याकडून मागून आणलेली काचेची भांडी सांभाळावीत तसे हात मांडीवर ठेवून दुसऱ्यांची नाकं फुटताना बघत आला. निवृत्तीला दोन वर्षं होती. तेवढी दोन वर्षं हात टिकले की झालं, एवढंच त्याचं अर्थशास्त्र.

"हा काही युक्तिवाद नव्हे," डॉ. वेन म्हणाल्या.

"रेघ तुमची, खुर्ची माझी," लेन म्हणाला. "आपला समुद्र, आपला मासा! बाहेर पडलो की सगळं आपलं!"

टाळ्या पडल्या. मग तिसऱ्या रांगेतून डानुटे उठली. लिथुआनियाची, अकरा वर्षं एडगरच्या शेजारच्या टेबलावर मासे चिरत होती.

"सगळं तुझं, बरं. पण चिरणार कोण, लेन? आमच्या खोलीत आठ टेबलं आहेत. सहावर आमची माणसं."

"तुम्ही गेलात की आमची पोरं चिरतील!"

"तुझा पोरगा? अरे, त्याला माशाच्या वासानं उलटी होते, तूच तर सांगत फिरतोस!"

हॉल हसला. दोन्ही बाजू हसल्या, आणि तेच वाईट झालं. आकडेवारीनं कुणाचा जीव जात नाही. गावानं हसलेलं मात्र झोंबतं. लेननं पुढची खुर्ची लाथेनं उडवली आणि तो डानुटेच्या दिशेनं निघाला.

"एडगर! घंटा मार! थांबव त्याला!" टास्कर ओरडले.

एडगरनं घंटा मारली.

आता घंटा एकच असते. लढत चालू असताना वाजली तर थांबायचं. थांबलेली असताना वाजली तर सुटायचं. त्या क्षणी अजून कुणी कुणाला मारत नव्हतं. आणि हॉलमधल्या निम्म्या पुरुषांनी तरुणपणी याच क्लबात मार खाल्लेला होता. टोल ऐकताच ती पोट सुटलेली, चष्मेवाली माणसं हनुवटी आत घेऊन, डावा हात वर करून उभी राहिली.

मतांप्रमाणे बाजू पडायला वेळच मिळाला नाही. ज्याला जो जवळ सापडला, तो त्याचा विरोधी पक्ष. नळ दुरुस्त करणाऱ्याची भुवई फाटली. कुणाचे तरी पुढचे दोन दात हिशेब न लागता चहाच्या टेबलाखाली गेले. दोन निवृत्त शिक्षकांनी एकमेकांचे गळे धरले. दोघंही संघात राहण्याच्या बाजूचे. टास्कर दोरांत अडकले, आणि येणारा-जाणारा त्यांना एकेक देऊन पुढे जात होता. डॉ. वेन यांना ध्वनिक्षेपकाचा दांडा लागला. त्यांनी तोच दांडा उचलून तिघांना दिला.

एडगर घंटेच्या टेबलाखाली होता, दोन्ही हात काखेत घट्ट दाबून. तिथून त्याला दिसलं. लेननं डानुटेचे केस मुठीत धरले होते आणि तिचं तोंड तो चौथऱ्याच्या लाकडी कडेवर आपटत होता. एकदा. पुन्हा एकदा. लाकडावर रक्त ओघळत होतं.

एडगरनं काखेतले हात काढले. एकदा त्यांच्याकडे पाहिलं. मग बाहेर आला.

"लेन, सोड तिला."

"एडग्या, तू घंटेपाशी बस जा. तेवढंच जमतं तुला."

आणि तोंड पुन्हा लाकडावर गेलं.

एडगरनं उजवा मारला. टाच उचललेली, कंबर वळलेली, खांदा मागोमाग. तीस वर्षं बघितलेलं सगळं त्यात उतरलं. फक्त मूठ कशी आवळायची, ते बघून शिकता येत नाही. मोडण्याचे दोन आवाज आले. एक लेनच्या जबड्याचा.

लेन कोसळला. एडगर त्याच्यावर वाकला आणि सवयीनं मोठ्यानं मोजू लागला. "एक. दोन. तीन..." हॉल हळूहळू थांबला. मोजणी सुरू असताना कुणी मारायचं नसतं, हे सगळ्यांना पाठ होतं. आठाला लेननं एक डोळा उघडला, अंदाज घेतला, आणि दहापर्यंत पुन्हा मिटला.

"हाताची तीन हाडं गेलीत," इस्पितळातल्या डॉक्टरनं सांगितलं. "तारा घातल्यात. पेन धरता येईल."

"सुरी?"

"पावाला लोणी लावण्यापुरती."

"मी लोणी खात नाही," एडगर म्हणाला.

निकालाच्या दिवशी तो हात दाखवायला इस्पितळात आला, तर बाकावर डानुटे बसलेली. भुवईचे टाके काढायला. नाकाला पट्टी.

"कसा आहे हात?"

"आहे."

"वेड्या, कशाला मारलंस रे?"

"हात सटकला."

ती हसायला गेली आणि नाकाला हात लावून थांबली. समोरच्या टीव्हीवर गावागावांचे आकडे येत होते. ग्रिम्सबी बाहेर पडण्याच्या बाजूनं, मोठ्या फरकानं. एडगरनं एकदा तिकडे पाहिलं आणि तो डानुटेकडे वळला.

"माझ्या टेबलावर कोण आहे?"

"कुणी नाही. मुकादम एकाला उभा करत होता, आम्ही म्हटलं नको. तुझ्या सुऱ्या आहेत तशाच आहेत."

"तू घे त्या. छोटी जरा उजवीकडे ओढते, सांभाळ." मग रोजच्या सवयीनं त्यानं विचारलं, "आज काय आलं?"

"कॉड. हॅडॉक. रोजचंच. आइसलँडचा माल, थोडा नॉर्वेचा."

ग्रिम्सबीत चिरला जाणारा बहुतेक मासा याच दोन देशांतून येतो. दोन्ही देश युरोपीय संघात कधीच नव्हते.