अर्थिंगचा खड्डा

शंभर वॅटच्या दिव्यातली तार नुसती लाल झाली. पिवळी झालीच नाही. गोतमीने तळहाताचा आडोसा करून पुन्हा पाहिलं. विझत आलेल्या काडीच्या टोकाला असतो तेवढाच रंग. दिव्याचं एक टोक विजेच्या तारेला, दुसरं अर्थिंगच्या तारेला जोडलं होतं. विष्णुपुरीजवळ खेळाची हीच यंत्रं मांडली तेव्हा हाच दिवा असा लखलखला होता की तिला डोळे मिटावे लागले होते. तिथे गोदावरीकाठची ओली माती होती. इथे लातूरच्या जत्रेच्या मैदानात खड्डा खणला, तर तळापर्यंत धूळच निघाली.

जमीन वीज घेत नव्हती. मग ती यंत्राच्या पत्र्यात उतरली, तर जाणार कुठे?

"लिंबाजी, खड्ड्यात पाणी टाकलंस ना?"

"मीठ-कोळसा टाकला की बाई, चांगला टोपलंभर."

"मी पाणी विचारते."

लिंबाजी फिटर मान खाजवू लागला. "शेजारच्या पालातल्या सरजाबाईला दिली घागर. लेकरं वाळून चालली व्हती. माणसाला प्यायला न्हाई अन् जमिनीला पाजत बसू व्हय? कुणी बघितलं असतं तर जोड्यानं हाणलं असतं मला."

गोतमीला त्याच्यावर रागावता येईना. तिनेही तेच केलं असतं.

शंकरप्पांचा कारखाना मुळात विहिरीवरच्या मोटारींचे स्टार्टर करायचा. लातूर वेगळा जिल्हा झाला, कचेऱ्या आल्या, आता धंदा वाढणार म्हणून अप्पांनी माल भरून ठेवला, आणि विहिरी आटल्या. हैदराबादच्या नुमाइशीत, तिथल्या मोठ्या प्रदर्शनात, त्यांनी एक खेळ पाहिला होता. काचेआड पितळी बिल्ल्यांचा थर, त्याला मागून रेटणारी फळी. वरून बिल्ला टाकायचा; काठावरचे खाली पडले तर ते आपले. जमलेल्या बिल्ल्यांवर बक्षीस म्हणून साबण, कंगवा, स्टीलची वाटी. अप्पांनी नांदेडला फिजिक्स शिकलेल्या, किनवटकडच्या गोतमीला कामावर घेतलं आणि दारावर 'खेळ विभाग' असं रंगवलं. पहिलं यंत्र लाकडाचं होतं. उन्हाने फळी वाकली, बिल्ले अडकले. दुसरं पत्र्याचं केलं, ते चाललं. मग स्टार्टरच्या खोलीला कुलूप लागलं आणि सगळी माणसं खेळावरच जगू लागली.

पत्रा आला तेव्हापासून गोतमीच्या मनात एक वाक्य होतं. अर्थिंग लागत नसेल तिथे ही यंत्रं चालवायची नाहीत. दर जत्रेला ती ते गिळत आली होती. या दुष्काळात अर्थिंग लागेल अशी जमीन उरलीच कुठे होती? ते वाक्य म्हणजे विभाग बंद, आणि लिंबाजीसकट सगळे घरी.

तरी ती अप्पांकडे गेली. ताजी विभूती लावून, हातात नारळ घेऊन ते उभे होते.

"अप्पा, अर्थिंग लागत नाही."

"बाई, शुभकामात असलं तोंड करू नका. साहेब येऊन राहिले नारळ फोडायला. मागच्या जत्रेतबी हेच म्हणलात. झालं का कुणाला काही?"

"नाही. पण तेव्हा माती इतकी कोरडी नव्हती. यंत्रांतल्या मोटारी नव्या होत्या."

"मग रबराची चटई टाका समोर. लई शिकलं की लई भ्या वाटतं बघा माणसाला." ते हसत कमानीकडे गेले.

लिंबाजीने यंत्रांपुढे चटई अंथरली आणि मेन चालू केला. फळ्या सरकू लागल्या, बिल्ले खणखणले. गोतमीने पहिल्या यंत्राच्या पत्र्याला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. दुसऱ्याला लावला, तिसऱ्याला, सगळीकडे पेटला. सगळ्या पत्र्यांना अर्थिंगची तार एकच होती. एका मोटारीतून गळणारी वीज सगळ्यांत फिरत होती.

"गुदगुल्या करून राहिलंय की बाई!" पत्र्यावर बोट टेकवून लिंबाजी खिदळला. त्याच्या पायांत टायरच्या चपला होत्या.

"हात काढ!" ती इतक्या जोराने ओरडली की तो दचकला.

तेवढ्यात टँकर आला. पाहुण्यांच्या अंगावर धूळ उडू नये म्हणून मैदानात पाण्याचा सडा मारायचा होता. मागून बाया घागरी घेऊन धावल्या. त्यांतल्या दोन घागरी अर्थिंगच्या खड्ड्यासाठी मागून आणल्या असत्या, तरी त्या खोल धुळीत कुठल्या कुठे जिरल्या असत्या. यंत्रांपुढची जमीन मात्र काळी, ओली झाली. चटई केव्हाच चिखलाखाली गेली. दोरीपलीकडे पोरं रेटारेटी करत होती, आणि जवळजवळ सगळी अनवाणी. ओले पाय, उघडे तळवे, पत्रा. यापुढचं गणित गोतमीला मांडायचं नव्हतं.

एक पोरगी दोरीखालून वाकून आत आली. पाय घोट्यापर्यंत चिखलात, नजर बिल्ल्यांवर, दोन्ही हात पुढे.

गोतमीने झेप घेऊन तिला झग्याला धरून मागे ओढलं. पोरगी भोकाड पसरून रडू लागली. माणसं वळून पाहू लागली. अप्पा कमानीतून धावत आले.

"बाई, काय लावलंय हे! साहेब उतरले गाडीतून!"

"लिंबाजी, मेन काढ," गोतमी म्हणाली. फळ्या थांबल्या. पोरीचा झगा अजून तिच्या मुठीतच होता. "अप्पा, ही यंत्रं आता कुठंच चालणार नाहीत. खेळ विभाग बंद करा."