ओकची टेकडी

सप्टेंबरचा तिसरा आठवडा, तिरकमठ्याने हरणं मारायचा हंगाम नुकता उघडलेला, आणि वेंडेल क्राउझे जमिनीपासून वीस फुटांवर झाडाला अडकून बसला होता. दोष द्यायचा तरी कुणाला? धोंडा त्यानेच आपल्या पायावर पाडून घेतला होता.

झाडावर चढवत न्यायचं मचाण दोन तुकड्यांचं असतं. वरचा बसायला, खालचा पाय ठेवायला. दोन्ही एकमेकांना दोरीने बांधायचे, हे अमेरिकेतल्या या विस्कॉन्सिनात शेंबडं पोरही जाणतं. वेंडेल पहाटेच्या घाईत विसरला. पाय जरा उचलला आणि खालचा तुकडा घसरत थेट बुंध्याशी गेला. खाली ठेवलेला कमठा वर ओढायची दोरीही त्या धक्क्यात हातातून सुटली. अंगातला पट्टा झाडाला बांधलेला म्हणून जीव वाचला, पण साठीच्या गुडघ्यांनी उतरणार कसा?

आणि शोधायला इथे येणार कोण? पांढऱ्या शेपटीचं हरीण कुठे मिळतं ते शिकारी सख्ख्या भावालाही सांगत नाही. थोरल्या ऑरिनला त्याने दलदलीकडे जातो म्हणून थाप मारली होती. ती पक्की दिसावी म्हणून गाडी दलदलीच्या बांधावर लावली, फोन गाडीतच ठेवला आणि वीस मिनिटं चालत या टेकडीवर आला.

दुपारपर्यंत जीभ टाळूला चिकटली, मांड्यांत पट्टा रुतून पाय बधिर झाले. तेवढ्यात तो आला. चार वर्षं ज्याच्यावर डोळा होता तो थोराड नर, अगदी झाडाखाली, ओकची फळं खात. नेमका त्याच वेळी खालून, दलदलीकडून, गाडीचा भोंगा वाजला. मागोमाग ऑरिनची हाक.

वेंडेलने तोंड उघडलं आणि मिटलं. ओरडलं तर नर उधळेल, जागेचं गुपितही फुटेल. खाऊन जाऊ दे त्याला, मग ओरडू. नर मात्र सावकाश खात राहिला. हाका लांब लांब जात थांबल्या.

मग त्याला स्वतःचीच शिसारी आली.

"ऑरिन! ओकच्या टेकडीवर आहे मी! ओकच्या टेकडीवर!"

पहिल्याच हाकेला नर पसार झाला. बायकोलाही न सांगितलेली जागा वेंडेल घसा फुटेस्तोवर साऱ्या खोऱ्याला सांगत होता.

तासाभराने ऑरिन आला. छातीपर्यंत चिखल, एका पायात बूट नाही. खुरांच्या ठशांकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

"हाका ऐकू येत नव्हत्या का रे?" त्याने विचारलं. "मी चिखलात काठीने तुला चाचपत होतो."

वारा उलटा होता, असं सांगता आलं असतं.

"येत होत्या," वेंडेल म्हणाला. "खाली नर होता."

शिडी आणतो, एवढंच म्हणून ऑरिन वळला आणि लंगडत उतरू लागला. जन्मभर तो उठता बसता वेंडेलला गाढव म्हणत आला होता. त्याची पाठ झाडांत दिसेनाशी झाली तरी वेंडेल वाट बघत होता, निदान एक शिवी तरी येईल म्हणून.